ए१ की ए२? त्याआधी दूध कोण पितंय ते पाहू

प्रश्न एका आईचा आहे. घरात दूध पिणारी तीन माणसं: चौदा महिन्यांची मुलगी, दूध प्यायलं की पोट फुगणारा नवरा आणि दहा वर्षांपासून मधुमेह असलेल्या सासूबाई. या आईला कोणीतरी ठामपणे सांगितलंय की जर्सी गायीचं ए१ दूध विषासारखं असतं, त्यानेच मधुमेह आणि हृदयविकार होतो. दूध देशी गायीचं ए२च प्यावं, तेही निरसं, तापवलं की त्यातला जीव जातो. यातलं खरं किती आणि घरात काय बदलायचं, असं त्या विचारतात.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि पंचवीसहून जास्त वर्षं पोटाच्या तक्रारी घेऊन आलेल्या माणसांसोबत काम करते आहे. या प्रश्नाचं उत्तर मी दोन वाक्यांत देत नाही, कारण त्या एका सल्ल्यात एक अर्धवट सत्य, एक चूक आणि एक खरोखर धोकादायक गोष्ट एकत्र बांधलेली आहे. ती गाठ सोडवावी लागते.

आधी ए१ आणि ए२ म्हणजे काय ते पाहू. गायीच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं आणि सव्वातीन ते साडेतीन टक्के प्रथिनं. या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसिन. केसिनचे काही प्रकार आहेत आणि त्यांतला एक म्हणजे बीटा केसिन. ही २०९ अमिनो आम्लांची माळ. या माळेत ६७ व्या जागी प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल असेल तर ते ए२ आणि हिस्टिडिन नावाचं असेल तर ए१. फरक एवढाच, एका मण्याचा. मूळ रूप ए२. ए१ हे काही हजार वर्षांपूर्वी युरोपीय गुरांमध्ये झालेल्या जनुकीय बदलातून आलं. माणसाच्या, शेळीच्या, मेंढीच्या आणि म्हशीच्या दुधातलं बीटा केसिन या जागी ए२सारखंच असतं.

हा एक मणी बदलल्याने पचनात मात्र फरक पडतो. ए१ पचताना त्या जागी माळ सहज तुटते आणि सात अमिनो आम्लांचा एक तुकडा सुटा होतो. त्याला बीटा कॅसोमॉर्फिन-७, थोडक्यात बीसीएम-७ म्हणतात. प्रोलिन असेल तर माळ तिथे सहजी तुटत नाही, म्हणून ए२पासून हा तुकडा फारच कमी तयार होतो. बीसीएम-७ मॉर्फिनसारखा, म्हणजे अफूच्या वर्गातल्या पदार्थांसारखा, आतड्यातल्या ठरावीक ग्राहींना चिकटू शकतो. इथवरचं सगळं खरं आहे आणि प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. 'अफू' हा शब्द ऐकून घाबरायला होतं, हे मी समजू शकते. पण हा तुकडा आतड्याच्या भिंतीतून अखंड रक्तात जाऊन निरोगी मोठ्या माणसाला इजा करतो, असं खात्रीने दाखवता आलेलं नाही. आतड्यात आणि रक्तात डीपीपी-४ नावाचं विकर असतं, ते त्याचे आणखी बारीक तुकडे करतं.

मग मधुमेहाची गोष्ट आली कुठून? १९९० च्या दशकात न्यूझीलंडमधले बालरोगतज्ज्ञ बॉब इलियट यांच्या लक्षात आलं की सामोआ बेटांवरच्या मुलांमध्ये टाइप-१ मधुमेह फार कमी आहे, पण न्यूझीलंडमध्ये वाढणाऱ्या सामोअन मुलांमध्ये तो बराच जास्त आहे. दुधाकडे संशय वळला. पुढे वेगवेगळ्या देशांतलं ए१ दुधाचं सेवन आणि तिथलं टाइप-१ मधुमेहाचं व हृदयविकाराचं प्रमाण शेजारीशेजारी मांडलं गेलं आणि आलेख वर चढताना दिसला. २००० साली न्यूझीलंडमध्येच फक्त ए२ दूध विकणारी कंपनी उभी राहिली. तेव्हापासून हा विषय विज्ञानाचा जेवढा आहे तेवढाच जाहिरातीचाही आहे.

देशांची तुलना करणाऱ्या आलेखाचं एक दुखणं असतं. ज्या देशांत ए१ दूध जास्त प्यायलं जातं तिथे हवामान, ऊन, मुलांना लहानपणी होणारे संसर्ग, वंश, खाणंपिणं असं आणखी शंभर गोष्टींत वेगळेपण असतं. नेमकं कारण कोणतं, ते अशा आलेखातून निघत नाही. म्हणून माणसांवर प्रयोग करावे लागतात. २००६ च्या सुमारास काही छोट्या प्रयोगांत लोकांना आळीपाळीने ए१ आणि ए२ देऊन कोलेस्टेरॉल आणि हृदयाशी निगडित इतर मोजमापं तपासली. लक्षात घ्यावा असा फरक आढळला नाही. २००९ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तोवरचा सगळा पुरावा चाळला आणि बीसीएम-७ व हे आजार यांच्यात कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष काढला. टाइप-१ मधुमेहापुरता आणखी एक मोठा प्रयोग आहे. १५ देशांतल्या, मधुमेहाची आनुवंशिक जोखीम असलेल्या २,१५९ बाळांपैकी निम्म्यांना अंगावरच्या दुधाला जोड म्हणून गायीच्या दुधाची नेहमीची पावडर दिली आणि निम्म्यांना गायीच्या दुधातली प्रथिनं आधीच तोडून बारीक केलेली पावडर. २०१८ साली निकाल आला: अखंड प्रथिनं टाळूनही मधुमेह कमी झाला नाही. हा प्रयोग ए१ विरुद्ध ए२ असा नव्हता. पण अखंड प्रथिनं टाळूनही फरक पडत नसेल, तर त्यातल्या एका मण्यावर सगळा दोष ठेवणं मला पटत नाही.

आणि सासूबाईंच्या बाबतीत तर हा वादच लागू होत नाही. तो टाइप-१ मधुमेहाबद्दल आहे, जो बहुधा लहान वयात सुरू होतो आणि ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच इन्सुलिन करणाऱ्या पेशींवर उलटते. त्यांना उतारवयात झालेला मधुमेह बहुधा टाइप-२ असणार. त्यांच्या ग्लासात पाहायचं ते एवढंच: पाव लिटर दुधात, गाय कुठलीही असो, बारा ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा असते, ती दिवसाच्या हिशेबात धरायची. वरून साखर घालायची नाही. मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर दुधातलं फॉस्फरस आणि पोटॅशियमही मोजावं लागतं, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता पोट फुगणाऱ्या नवऱ्याकडे येऊ. मला इथे जास्त वेळ घालवायचा आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक लोक हीच तक्रार घेऊन येतात आणि बहुतेकांचं निदान त्यांनी स्वतःच, चुकीचं, करून ठेवलेलं असतं.

दूध प्यायल्यावर पोट गुडगुडणं, गुबारा धरणं, पातळ शौचाला होणं यामागे सगळ्यात जास्त वेळा असते ती दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज. ती पचवणारं लॅक्टेज हे विकर बाळपणी भरपूर असतं आणि पुढे बहुतेकांमध्ये कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोनतृतीयांश प्रौढांमध्ये ते कमी झालेलं असतं. म्हणजे हा आजार नाही, माणसाच्या शरीराची ही जुनी रीतच आहे. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि वायू तयार होतो. महत्त्वाची गोष्ट ही की लॅक्टोज प्रत्येक गायीच्या दुधात जवळपास सारखंच असतं, पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. गीर असो, साहिवाल असो, होल्स्टीन असो. ए२ दुधातही तेवढंच.

मग 'ए२ सुरू केल्यापासून पोट शांत आहे' असं सांगणारे लोक खोटं बोलतात का? नाही. मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. या बाबतीत ए२चा दावा थोडाफार उभा राहतो. २०१६ साली चीनमधल्या एका प्रयोगाचे निकाल प्रसिद्ध झाले. दूध सोसत नाही असं सांगणाऱ्या ४५ प्रौढांना दोन आठवडे ए१ आणि ए२ मिसळलेलं दूध आणि दोन आठवडे फक्त ए२ दूध देण्यात आलं. मिसळलेल्या दुधावर पोटाच्या तक्रारी वाढल्या, फक्त ए२वर तशा वाढल्या नाहीत. दोन्हींत लॅक्टोज सारखंच होतं. प्रयोग छोटा होता आणि त्याला पैसा ए२ दूध विकणाऱ्या कंपनीचा होता, हे सांगायलाच हवं. तरी त्यातून जे सुचतं ते अशक्य नाही: बीसीएम-७मुळे काहींच्या आतड्याची हालचाल मंदावत असावी आणि लॅक्टोजचा त्रासही त्यामुळे जास्त जाणवत असावा. म्हणून पोटाच्या त्रासासाठी कोणी ए२ करून पाहत असेल तर मी अडवत नाही. मधुमेह टळावा म्हणून करत असेल तर अडवते.

पण करून पाहायची एक पद्धत आहे. लोक एकाच दिवशी दूध बदलतात, प्रमाण कमी करतात, चहा सोडतात, रात्रीचं जेवण लवकर घेतात आणि श्रेय गायीला देतात. तसं करू नका. दोन आठवडे दूध आणि दुधाचे पदार्थ पूर्ण बंद ठेवा, बाकी खाणं जसंच्या तसं. त्रास तरीही तसाच राहिला तर दुधाचा दोष नाही, कारण दुसरीकडे शोधा. त्रास थांबला तर पुढचा आठवडा रोज एक ग्लास लॅक्टोजमुक्त नेहमीचं दूध प्या. त्यात ए१ असतं, पण शर्करा आधीच फोडलेली असते. मग चार दिवस सोडून पुढचा आठवडा तेवढंच ए२ दूध. यात शर्करा पूर्ण आहे, ए१ नाही. लॅक्टोजमुक्त दूध सोसलं आणि ए२ बाधलं, तर तुमची अडचण शर्करेची आहे. उलट झालं तर ए१बद्दलची शंका रास्त आहे. दोन्ही सोसली तर बहुधा थोडं लॅक्टोज तुम्हाला चालतं आणि आधी प्रमाण जास्त होत होतं. जमल्यास ग्लास दुसऱ्याने भरून द्यावा आणि आत कुठलं दूध आहे ते सांगू नये. मनाची अपेक्षा पोटावर किती चालते ते मी इतक्या वेळा पाहिलंय की हा नियम मी आता आग्रहाने पाळायला लावते. रोजच्या रोज चार ओळी लिहून ठेवा, कारण आठवडाभरानंतरची आठवण भरवशाची नसते.

शर्करेची अडचण निघाली तरी दूध कायमचं सोडायची गरज बहुतेकांना पडत नाही. लॅक्टेज कमी असलेली बरीच माणसं एका वेळी बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे साधारण एक ग्लास दूध, जेवणाबरोबर घेतलं तर सोसू शकतात. उपाशीपोटी तेच दूध बाधतं. दही आणखी सोपं, कारण विरजणातले जिवाणू थोडी शर्करा खातात आणि उरलेली पचवायला आतड्यात मदतही करतात. जुलाब-उलट्यांच्या आजारानंतर काही आठवडे दूध पचेनासं होतं, तेही तात्पुरतं असतं. आतड्याचं अस्तर भरून आलं की पुन्हा पचू लागतं.

मात्र वर सांगितलेला प्रयोग ॲलर्जीची शंका असलेल्यांनी घरी अजिबात करू नये. दूध पोटात जाताच अंगावर पित्त उठणं, ओठ किंवा डोळे सुजणं, घरघर, उलट्या, बाळाच्या शौचातून रक्त, ही ॲलर्जीची लक्षणं आहेत. ही ॲलर्जी केसिन किंवा बीटा लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांची असते. ही प्रथिनं ए२ दुधात तशीच असतात, शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातही इतकी सारखी असतात की बहुतेक रुग्णांना तीही चालत नाहीत. 'देशी गायीचं आहे, काही होणार नाही' म्हणून अशा बाळाला दूध पाजलं गेलेलं मी पाहिलं आहे. त्या बाळाला श्वासासाठी धडपडताना पाहिल्यापासून मी ही गोष्ट प्रत्येक आईला सांगते, तिने विचारलं नसलं तरी.

आता निरसं दूध. इथे माझं उत्तर एकच आहे: नको. धारोष्ण दूध नुकतंच काढलेलं, कोमट, गोडसर लागतं, त्याबद्दल माणसाला ओढ वाटते हे मला कळतं. पण ब्रुसेलोसिस, गायींचा क्षय, लिस्टेरिया, कॅम्पिलोबॅक्टर, घातक इ-कोलाय हे सगळे याच वाटेने माणसात येऊ शकतात. गाय दिसायला धडधाकट असते, गोठा चकचकीत असतो, तरी जंतू असू शकतात. ब्रुसेलोसिसचा ताप महिनोन्महिने येतजात राहतो, सांधे आणि कंबर धरते आणि निदान होईपर्यंत माणूस खचून जातो. गरोदर स्त्रीला लिस्टेरिया झाला तर बाळ दगावू शकतं. पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवतात, तेवढ्याने हे जंतू मरतात. घरी एक उकळी आणली तरी पुरतं.

तापवल्याने 'जीव जातो' म्हणतात त्यात खरं किती? ब गटातली काही जीवनसत्त्वं आणि क जीवनसत्त्व थोडं कमी होतं. क तर दुधात मुळातच नावापुरतं असतं. कॅल्शियम जागेवर राहतं, प्रथिनांचं पोषणमूल्य जवळपास तेवढंच राहतं. निरशा दुधात लॅक्टेज असतं म्हणून ते पचतं, असंही सांगतात. तसं नाही. गायींच्या गोठ्याजवळ वाढणाऱ्या मुलांना दमा कमी होतो असं युरोपातल्या अभ्यासांत दिसलं आहे आणि त्यात निरशा दुधाचाही संबंध आढळला. पण ते अभ्यास करणारेही निरसं दूध पाजण्याचा सल्ला देत नाहीत, कारण धोका आजचा आहे आणि फायदा अजून अंदाजाचा.

चौदा महिन्यांच्या मुलीबद्दल म्हणूनच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत गायीचं दूध मुख्य पेय म्हणून देऊ नये, कुठल्याच गायीचं नाही. त्यात आईच्या दुधाच्या साधारण तिप्पट प्रथिनं असतात, क्षारही जास्त, आणि ते बाळाच्या कोवळ्या मूत्रपिंडांना जड जातं. लोह जवळपास नसतंच. काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा रक्तस्रावही होतो. वर्षानंतर दूध द्यावं, दुसऱ्या वर्षात सायीसकट द्यावं, पण दिवसाला चारशे-पाचशे मिलीलिटरच्या वर नको.

ही मर्यादा पाळली नाही तर काय होतं ते मी एका दीड वर्षाच्या मुलात पाहिलं. पांढराफटक पडलेला, चिडचिडा, पायऱ्या चढताना थकणारा. घरच्यांनी मोठ्या कष्टाने शोधून ए२ दूध लावलं होतं आणि ते इतकं चांगलं म्हणून दिवसाला दीड लिटर पाजत होते. पोट दुधानेच भरल्यावर तो दुसरं काही खाईना. दुधातलं कॅल्शियम आणि केसिन अन्नातल्या लोहालाही अडवत होतं. रक्तातलं हिमोग्लोबिन धोकादायक पातळीवर उतरलं होतं. आईवडिलांनी काही कमी केलं नव्हतं, त्यांची सगळी काळजी चुकीच्या प्रश्नावर खर्च झाली होती. 'गाय कुठली' हे त्यांनी महिनोन्महिने तपासलं, 'दूध किती' हे त्यांना कोणी विचारलंच नाही. दूध कमी करून, लोह देऊन तो काही महिन्यांत सावरला.

गायीच्या जातीपेक्षा मला तिच्या चाऱ्याची जास्त काळजी वाटते. बुरशी लागलेला मका, शेंगदाण्याची पेंड किंवा सरकी खाल्ली तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन गायीच्या यकृतात रूप बदलून अफ्लाटॉक्सिन एम१ म्हणून दुधात उतरतं. उकळून ते जात नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे, युरोपात ती दहापट कडक, ०.०५. तसंच आजारी गायीला प्रतिजैविक दिल्यावर ठरलेले दिवस दूध विकायचं नसतं, तो नियम पाळला गेला की नाही हेही महत्त्वाचं. गाय ए२ असली म्हणून यातलं काहीच टळत नाही. हिरव्या चाऱ्यावरच्या गायीच्या दुधात ओमेगा-३ आणि बीटा कॅरोटिन जास्त असतं हे खरं, दुधाची पिवळसर झाक त्याच कॅरोटिनची असते. पण एका ग्लासातलं ते ओमेगा-३ म्हणजे ग्रॅमचा छोटासा अंश.

जातींबद्दल एक गैरसमज दूर करते. बोलण्यात सगळ्या संकरित गायींना 'जर्सी' म्हणतात आणि जर्सी म्हणजे ए१ असं धरून चालतात. खऱ्या जर्सीत दोन्ही जनुकं आढळतात, होल्स्टीनमध्येही दोन्ही, आणि गर्न्सी ही तर युरोपीय गाय असून तिच्यात ए२चंच प्रमाण जास्त. भारतीय वशिंडाच्या गायींमध्ये मात्र ए२ जवळजवळ सार्वत्रिक आहे: २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ जातींमध्ये मिळून ए२ जनुकाचं प्रमाण ०.९८७, म्हणजे शंभरात जवळपास ९९, निघालं. ज्या गायीला आईकडून एक आणि बापाकडून दुसरं जनुक मिळालं ती दोन्ही प्रकारचं बीटा केसिन देते, आणि ते तिच्या वशिंडावरून किंवा रंगावरून कळत नाही, जनुकीय चाचणीच करावी लागते.

सायीबद्दल थोडक्यात. साय काढली की स्निग्धांश आणि त्यात विरघळलेली अ आणि ड जीवनसत्त्वं कमी होतात, प्रथिनं आणि कॅल्शियम तेवढंच राहतं. दुधातल्या स्निग्धांशाचा बराचसा भाग संपृक्त असतो, म्हणून कोलेस्टेरॉल वाढलेल्यांना मी कमी स्निग्धांशाचं दूध सांगते. बाकी निरोगी माणसाने रोज एक-दोन ग्लास सायीचं दूध घेतलं तर मी हरकत घेत नाही.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर मुलीचं दूध मोजून, उकळून आणि सायीसकट द्या. तिचं हिमोग्लोबिन अजून तपासलं नसेल तर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना विचारा. नवऱ्याची चाचणी वर सांगितल्याप्रमाणे करा. पण त्याचं वजन कमी होत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा रात्री पोटदुखीने झोपमोड होत असेल, तर दुधाचे प्रयोग करत बसू नका, आधी पोटविकारतज्ज्ञांकडे न्या.